दोन पदरांचा फिल्टर

रविवारी सकाळी नवरा तोंड धुऊन स्वयंपाकघरात आला आणि त्याच्याकडे बघताच तिने हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवला. बुबुळाच्या कडेने, पांढऱ्या भागात, लाल रेघा उठल्या होत्या. रात्री औषधाचे थेंब घालताना त्या नव्हत्या.

"दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांगा."

"उजेड टोचतोय थोडा. झोप झाली नसेल."

"घोरत होतात."

त्याला हा एकच डोळा. सुतारांच्या करवतींना धार लावणं हा त्याचा धंदा, आणि दुसरा डोळा तरुणपणीच पोलादाच्या एका कणाने नेला होता. राहिलेल्या डोळ्यात पुढे कधीतरी जखम चिघळली, बुबुळ दुधाळ झालं आणि माणसं त्याला आवाजावरून ओळखावी लागायला लागली. चार महिन्यांपूर्वी घाटापलीकडच्या मोठ्या शहरातल्या इस्पितळात त्याचं बुबुळ बदललं. ते कुणा मृताचं होतं. कुणाचं, ते सांगत नाहीत. टाके अजून आत होते. आता त्याला कॅलेंडरावरचे मोठे आकडे दिसत. बायकोने केस रंगवायचं सोडून दिलंय हेही दिसलं होतं आणि ते त्याने बोलून दाखवलं होतं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा दिसणं धूसर झालं, तर त्याच दिवशी यायचं. शरीराला बसवलेलं बुबुळ परकं वाटतं आणि ते कधीही त्याच्यावर उलटू शकतं. वेळेत पकडलं तर औषधाने थांबतं. नाही पकडलं तर बुबुळ पांढरं पडतं. मग दुसरं मिळेल कधी, आणि मिळालं तरी तगेल का, याची खात्री कुणी देत नाही.

तिने फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "लगेच निघा. मी चारपर्यंत आहे. मग आठवडाभर बाहेरगावी चाललेय. आज डोळा मीच बघायला हवा."

खालच्या खोलीत राहणारी नणंद वर आली तेव्हा भावाच्या पायात बूट होते आणि वहिनी हातात टॉर्च घेऊन अंगणाकडे निघाली होती.

"निघालात?"

"निघतोच. तेवढा गाडीचा फिल्टर बसवते."

"आत्ता?"

"आत्ताच, वन्सं. त्याशिवाय ह्यांना त्या गाडीत बसवायचं कसं?"

हा फिल्टर काय प्रकार होता, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ती धुळीच्या पिशव्या शिवते. पिठाच्या मोठ्या गिरण्यांत, सिमेंटच्या कारखान्यांत हवेतली धूळ अडवायला जाड नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या कापडाच्या, लांबलचक पिशव्या टांगलेल्या असतात, माणसाच्या दुप्पट उंचीच्या. त्या पिशव्या गावाबाहेरच्या एका शेडमध्ये शिवल्या जातात आणि शेवटची तपासणी तिच्याकडे असते. पद्धत सोपी आहे. पिशवी अंधाऱ्या खोलीत टांगायची, आत दिवा सोडायचा आणि बाहेरून बघायचं. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे भोक. ठिपका दिसला की पिशवी परत मशीनवर. खोलीतला दिवा तिला पुरत नाही, म्हणून ती स्वतःचा टॉर्च बाळगते. त्यावरून शेडमधल्या बाया तिला टॉर्च म्हणतात. तोंडावरही म्हणतात. "टॉर्च आली गं, टाके झाका," असं एकीने म्हटलं की बाकीच्या हसतात, तीही हसते आणि मग त्याच बाईची पिशवी आधी तपासते.

गाडी जुनी, नवऱ्याने धंदा बरा चालत होता तेव्हा घेतलेली. त्याला दिसेनासं झाल्यावर ती चालवायला शिकली, पन्नाशी उलटल्यावर. गावात चालवायची, शेडपर्यंत चालवायची. इस्पितळाच्या आधीच्या खेपांना शेडचा मुकादम बरोबर आला होता आणि घाटात स्टेअरिंग त्याच्या हातात होतं.

त्या आठवड्यात बाजारातून परतताना तिने गाडीतला पंखा लावला आणि पुढच्या झरोक्यांतून करडा भुसा उडाला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घरी येऊन तिने पुढचा कप्पा उघडून, त्यामागचा हवेचा फिल्टर ओढून काढला. कागदाच्या घड्यांचा तो चौकोन उंदराने पार कुरतडून त्यात घर केलं होतं. सुतळी, शेंगांची टरफलं, लेंड्या, सगळं होतं.

"संसार थाटलाय की," नणंद म्हणाली होती. "चावी कुठे ठेवता ते त्याला कळलं नाही म्हणून बरं."

एवढ्या जुन्या गाडीचा फिल्टर गावातल्या दुकानात नव्हता. शहरातून मागवावा लागेल, म्हणाले. तिने वाट बघितली नाही. मुकादमाकडून नमद्याचा एक उरलेला तुकडा मागून घेतला. सिमेंटच्या कारखान्याला जातो तो, सगळ्यात घट्ट. जुन्या फिल्टरच्या मापाने कापला आणि शिवला. डोळ्याचा प्रश्न होता म्हणून एकाऐवजी दोन पदर घेतले. कडेने फटीतून धूळ येऊ नये म्हणून चारी बाजूंना रबरी पट्टी शिवली. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन मागे टॉर्च धरला. एकही ठिपका दिसला नाही. शेडमधल्या बायांनी तो हातोहात फिरवला आणि नावं ठेवायला काही सापडलं नाही म्हणून परत दिला.

रविवारी निवांत बसवायचा असं तिने ठरवलं होतं. तोच रविवार उजाडला होता.

"वहिनी, दादाचा डोळा लाल झालाय आणि तुम्ही गाडीला झबलं घालताय," नणंद गाडीच्या दाराशी उभी राहून म्हणाली.

"मागच्या वेळी काय उडालं ते बघितलंत ना? आत अजून किती असेल, देव जाणे. आणि पुढे खडीच्या खाणी आहेत. खिडक्या उघडता येणार नाहीत, पंखा लावावाच लागेल."

"मग नका लावू पंखा."

"बंद डब्यात दोघांनी बसायचं? घाटापर्यंत उकडून निघू."

नवरा पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. उजेड सोसत नव्हता. "होऊ दे तिचं," तो म्हणाला. "ती मधेच सोडणार नाही. बोलण्यात वेळ जाईल फक्त."

तिने कप्पा रिकामा केला. गाडीची कागदपत्रं, विझलेली बॅटरी, पेपरमिंटची पाकिटं, त्याचा जुना चष्मा. कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबून तो खाली लोंबू दिला. मागे लांबट झाकण होतं, दोन प्लास्टिकच्या क्लिपांवर बसलेलं. गाडीच्या जमिनीवर गुडघे टेकून, मान डॅशबोर्डखाली घालून तिने ते काढलं आणि आतल्या खाचेतला भुसा ओल्या फडक्याने जेवढा हाताला लागला तेवढा पुसला. मग नवा फिल्टर सारला. तो अर्धा जाऊन अडला. दोन पदर आणि रबरी पट्टी, जागेपेक्षा जाड झालं होतं. तिने तळव्याने रेटला. अजून थोडा गेला. मग मुठीने.

"लागलं का काही?" पायरीवरून नवरा.

"नाही. तुम्ही डोळा मिटून बसा."

फिल्टर बसला. झाकण लावताना उजवी क्लिप कट्‌कन मोडली. झाकण एका बाजूने सुटं राहिलं. तिने पर्समधून शिवणाचा जाड मेणी दोरा काढला, झाकणाच्या भोकातून ओवला आणि मागच्या दांडीला आवळून बांधला. शेडमध्ये पिशवीचं तोंड बांधतात तशी गाठ, वर आणखी एक.

"झालं?" नणंद.

"झालं."

"अर्धी सकाळ गेली."

ते खरं होतं.

नवऱ्याला मागच्या सीटवर बसवलं. काळा चष्मा, मांडीवर टॉवेल. नणंद पुढे बसली. कुणी विचारलं नव्हतं, पण तिने पर्स घेतली, दार लावलं आणि विषय संपवला. खाणींच्या पट्ट्यात रस्त्यावर पांढरी धूळ घोट्याएवढी साचली होती आणि ट्रक ती उधळत चालले होते. काचा बंद, पंखा चालू. आत एक कण आला नाही.

"बघा," ती म्हणाली.

"बघतेय," नणंद म्हणाली. "वाराही येत नाहीये फारसा."

"नवीन आहे. मोकळा होईल."

घाटाच्या पायथ्याशी ढग रस्त्यावर उतरले होते. बारीक, गार पाऊस सुरू झाला. पहिल्या वळणापर्यंत काचेच्या खालच्या कोपऱ्यात वाफेचा एक डाग होता. तिसऱ्या वळणाला तो अर्ध्या काचेवर चढला.

तिने पंख्याचा जोर वाढवला. मग एसी लावला. मग गरम हवा. मग हवा काचेकडे वळवायची कळ फिरवली. शिकवणाऱ्याने सांगितलेलं सगळं करून झालं. पंखा घूं घूं करत होता आणि काच भरत चालली होती.

"पुसा हो, वन्सं."

नणंदेने फडक्याने पुसलं. पुसलेल्या जागी एवढासा रस्ता दिसला आणि तिघांच्या श्वासाने परत झाकला.

"तुम्ही जोरात श्वास घेऊ नका."

"काय करू? घरी ठेवून येऊ श्वास?"

"मागे ओरडू नका दोघी," नवरा म्हणाला. मागे तोच होता, पण सुधारायला वेळ नव्हता.

तिने आपल्या बाजूची खिडकी चार बोटं खाली केली. गार वारा आणि पाण्याची झोड थेट मागे गेली. आरशात तिला दिसलं, त्याने टॉवेल तोंडावर ओढून मान गुडघ्यात घातली होती. समोरून ट्रक गेला, त्याच्या चाकांचं गढूळ पाणी फटीतून आत आलं आणि तिच्या बाहीवर, मागच्या सीटवर पडलं. तिने खिडकी बंद केली. ऑपरेशननंतर डोळ्यात नळाचं पाणीसुद्धा जाऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं होतं.

"काही गेलं का डोळ्यात?"

"नाही. टॉवेल होता."

"नक्की?"

"तू रस्त्याकडे बघ."

रस्ता दिसतच नव्हता. दिसत होता तो नणंदेने पुसलेला हातरुमालाएवढा तुकडा. त्या तुकड्यात एकदम दोन लाल दिवे आणि ट्रकचं लाकडी फळकूट आलं. तिने ब्रेकवर उभंच राहावं तसा पाय दिला. गाडी घसरली, थोडी तिरकी झाली आणि थांबली. नणंदेचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. फळकुटावर रंगाने लिहिलेला ट्रकवाल्याचा फोन नंबर बिनचष्म्याचा वाचता येत होता. मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न दिला.

ट्रक हलला. डोंगराच्या बाजूला, ब्रेक गार करायला ट्रक थांबतात तेवढी मोकळी जागा होती. तिने गाडी तिथे घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"घरी जायचं का?" नणंदेने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"उतरताना तरी दिसेल का?"

"मग पाऊस थांबेपर्यंत थांबू."

"चारला त्या जातील."

पंखा घूं घूं करत होता. नवऱ्याने तोंडावरचा टॉवेल काढला आणि मान पुढे केली.

"हा पंखा बंद कर. आता लाव. आता अगदी जोरात लाव."

तिने केलं.

"करवतीला लाकूड लागलं की तिचा आवाज खाली येतो," तो म्हणाला. "लाकूड नसलं की अशी मोकळी गरगरते. ह्या पंख्याला हवा लागतच नाहीये. तुझ्या फिल्टरने सगळी अडवलीय."

"फिल्टरने धूळ अडवलीय."

"हवासुद्धा."

"सिमेंटच्या कारखान्यात हाच नमदा असतो. तिथे कसा चालतो?"

"तिथला पंखा केवढा असतो?"

तिथला पंखा तिने पाहिला होता. त्याच्या पेटीत तिच्या घरातलं कपाट उभं राहिलं असतं. ह्या गाडीचा पंखा तिने गाडीत गुडघे टेकून त्याच सकाळी पाहिला होता. दुधाच्या पातेल्यात मावेल एवढा. पिशवीतून उजेड येतो का, हे तिने आयुष्यभर बघितलं. पिशवीतून हवा जाते का, हे बघायचं काम तिच्याकडे कधीच नव्हतं. ते कारखान्यातला फिटर मशीन लावून बघायचा आणि त्याची तक्रार आली तर ती मुकादमाकडे जायची, तिच्यापर्यंत नाही. हाच फिल्टर एखाद्या कामचुकार बाईने शिवला असता तर कडेने तरी वारा आला असता.

"काढला तर आतला सगळा भुसा उडेल," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर."

"आणि नाही काढला तर?"

"एकाऐवजी दोन घेतले हो मी पदर. एकाने भागणार नाही अशी भीती होती."

"माहीत आहे मला. काढ आता."

"वहिनी," नणंद म्हणाली, "त्याला मी बाहेर घेऊन उभी राहते. भुसा उडवून घ्या, मग बसवू आत."

"पावसात?"

"छत्री आहे. चष्मा आहे, टॉवेल आहे. दरीकडे तोंड नको, डोंगराकडे करते. सांगा लवकर, होय की नाही."

ट्रक एकामागून एक जात होते. चाकांचं पाणी मोकळ्या जागेच्या कडेपर्यंत येत होतं. तिने हो म्हटलं.

नणंदेने भावाला गाडीच्या पलीकडे, डोंगराच्या कातळापाशी नेलं. टॉवेल दोन घड्या करून चष्म्यावरून बांधला, छत्री रस्त्याच्या बाजूला तिरकी धरली आणि स्वतः त्याच्या आणि रस्त्याच्या मधे उभी राहिली. तिची पाठ लगेच भिजली.

"हलू नकोस, दादा."

"कुठे जाणार आहे?"

गाडीत ती परत गुडघ्यांवर होती. कप्पा खाली केला. झाकण दोऱ्याने आवळलेलं होतं आणि दोरा सुटत नव्हता. तिची गाठ सुटण्यासाठी नसतेच. कात्री घरी. दोऱ्यापर्यंत तोंड पोचेना. ती ओरडली, "वन्सं, कापायला काही आहे का?"

"पर्समध्ये बघा. नेलकटर असेल."

नेलकटर पर्सच्या तळाशी, सुट्या गोळ्या आणि चुरगळलेल्या तिकिटांखाली होता. त्याच्या इवल्या पात्यांत मेणी दोरा एका वेळी केसाएवढा कापला जात होता. तिची बोटं घसरत होती. बाहेर एक ट्रक फार जवळून गेला आणि पाण्याचा सपकारा गाडीच्या काचेवर आदळला. तिने डोकं वर काढलं नाही.

"वन्सं?"

"माझ्या अंगावर आलं. त्याच्या नाही. तुम्ही कापा."

दोरा तुटला. फिल्टर ओढला तर येईना. सकाळी मुठीने बसवला होता. रबरी पट्टीत नखं रोवून, पाय दाराला टेकून तिने खेचला. तो एकदम सुटला आणि ती मागे दारावर आपटली. चारी दारं उघडली. पंखा पूर्ण जोरात लावून ती बाजूला झाली.

झरोक्यांतून करडा भुसा, सुतळीचे तुकडे, एक वाळकं पान उडालं. मग धुरळा. मग नुसता वारा. तिने तळवा झरोक्यापुढे धरला. मग ओढणी धरली, तिच्यावर काय बसतंय ते बघायला. मग परत स्वच्छ बाजू धरली. ओढणीवर काही येईनासं झालं तेव्हाच तिने हाक मारली.

पुढच्या तीन वळणांत काच तळापासून वरपर्यंत मोकळी झाली. फिल्टर नणंदेच्या पायाशी पडला होता. तिने तो पायाने सीटखाली सरकवला. वहिनीने ते पाहिलं.

तिघं इस्पितळात पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई पांढरा कोट काढून हातावर टाकून जिना उतरत होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग नणंदेच्या भिजलेल्या कपड्यांकडे, आणि परत वर चढल्या.

तपासणीच्या यंत्रापुढे नवऱ्याची हनुवटी टेकवली. डॉक्टरीणबाई म्हणत, "वर बघा काका. खाली. माझ्या कानाकडे." मग यंत्र बाजूला केलं.

"सुरू झालंय. बुबुळाला सूज आहे. एक टाका सैल झालाय, तो आत्ता काढते. डोळ्याशेजारी एक इंजेक्शन देते. मग दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. शहर सोडायचं नाही, इथेच राहा. मी परत आले की बघू."

"वाचेल?" तिने विचारलं.

"आज आलात म्हणून विचारण्यात अर्थ आहे. उत्तर आत्ता नाही माझ्याकडे."

मग तिने उंदराचं, भुशाचं, नमद्याचं सगळं सांगितलं. धूळ गेली असेल का डोळ्यात, त्याने झालं असेल का. डॉक्टरीणबाई हातमोजे घालता घालता ऐकत होत्या.

"काकू, हे आतून होतं. रक्तातून. फिल्टर कसलाही लावला असता तरी झालं असतं. धूळ वाईटच, पण ह्यात तिचा हात नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सकाळीच निघाला असतात तर बरं झालं असतं, एवढं मात्र खरं."

नणंद भिंतीकडे बघत होती. बोलण्याची एवढी चांगली संधी तिने आयुष्यात पहिल्यांदाच सोडली.

नणंद दुसऱ्या दिवशी बसने परतली. नवरा-बायको इस्पितळासमोरच्या एका खोलीत राहिले. पलंग, मोरी, रस्त्यावर उघडणारी खिडकी. ती गजर लावायची, उठायची, थेंब घालायची, परत गजर लावायची. मुकादमाचा फोन आला. तिने गाडीचं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "त्या नमद्याला मोठा पंखा लागतो," एवढंच म्हणाला.

सुरुवातीला काहीच बदललं नाही. डोळा लाल, दिसणं धूसर. रोज सकाळी ती त्याला खिडकीशी उभं करायची.

"समोर काय दिसतंय?"

"औषधाचं दुकान. हिरवी पाटी."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"औषधे. खाली फोन नंबर." नंबरही त्याने सांगितला.

तिने पडद्याबाहेर बघितलं. रात्री वाऱ्याने पाटी लटकली होती आणि दुकानदाराने ती उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती, अक्षरं भिंतीकडे.

"पाठ केलंत."

त्याने खिडकीकडून मान वळवली.

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. तू खाली गेली होतीस. पोऱ्याला विचारलं."

"कशाला?"

"तू रोज विचारणार, माहीत होतं." तो पलंगावर बसला. "तू रात्रभर जागतेस. सकाळी काहीतरी बरं ऐकायला नको का तुला?"

"मला खरं ऐकायचंय."

"बरं. ती खिडकी आहे एवढं दिसतंय. बाहेर उजेड आहे. बास."

ती मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासली, दोनच होती तरी. त्यानंतर तिने पाटीचं विचारलं नाही. ती स्वतःची बोटं धरायची, रोज वेगळ्या ठिकाणी, आणि तो मोजायचा. आधी चुकायचा. मग कमी चुकायला लागला. एका सकाळी तो न विचारता म्हणाला, तुझ्या बाहीचं बटण तुटलंय. ते तुटलेलं होतं.

डॉक्टरीणबाई परत आल्या. यंत्रापुढे हनुवटी, वर, खाली, कानाकडे. मग म्हणाल्या, "बुबुळ स्वच्छ आहे. सूज उतरलीय." आणि त्याला तक्त्यापुढे बसवलं. ती त्याच्या मागे उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, कारण तिचे ओठ आधीच हलत होते.

त्याने वरची ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीत एक अक्षर अडखळून बरोबर सांगितलं. चौथी सावकाश, पण सगळी. मग थांबला.

"पाचवी?"

"आहे हे दिसतंय. अक्षरं नाही लागत."

"मागच्या वेळी पाचवी वाचली होती तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक ओळ गेली. परत येईल कदाचित, नाहीही येणार. बुबुळ राहिलं, काका. ते मोठं आहे."

"बारीक दात्यांच्या करवती जमणार नाहीत मग," तो म्हणाला. "मोठ्या जमतील. त्यांचे दाते बोटांनीही कळतात."

डॉक्टरीणबाईंनी तक्त्यामागचा दिवा बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," ती म्हणाली. "अहो, परत वाचा."

"काकू, गरज नाही. झालंय माझं."

"माझ्यासाठी वाचा."

डॉक्टरीणबाईंनी हात मागे घेतला. त्याने मान ताठ केली आणि वरच्या ओळीपासून परत सुरुवात केली. या वेळी तिसऱ्या ओळीत अडखळला नाही. चौथी संपवली, पाचव्या ओळीकडे बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.